माझा लॅपटॉप, इतरांचे कागद

लॅपटॉप चोरीला गेला म्हटलं की लोक दोन प्रश्न विचारतात. केवढ्याचा होता आणि बॅकअप होता का. तिसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही आणि विचारलाच तर आपल्याकडे उत्तर नसतं. त्यात कुणाकुणाचं काय काय होतं?

माझा गेला तेव्हा मी प्रवासात होतो. बॅग पायाशी होती, डुलकी लागली, जाग आली तेव्हा पायाशी काही नव्हतं. बॅकअप होता. पासवर्डही होता आणि तो जन्मतारीख वगैरे नव्हता. त्यामुळे तक्रार नोंदवून मी बऱ्यापैकी निर्धास्त होतो. दोन दिवसांनी दुरुस्तीची कामं करणाऱ्या एका मित्राने तो निर्धास्तपणा उतरवला. बोलला काहीच नाही. स्वतःचाच एक जुना लॅपटॉप त्याने पालथा केला, स्क्रू काढले, झाकणाच्या कडेने नख फिरवलं आणि आतून माहिती साठवणारी एक पट्टी, म्हणजे त्याची डिस्कच, उपसली. 22 मिलिमीटर रुंद, 80 मिलिमीटर लांब. ती एका डबीत बसवून डबीची वायर दुसऱ्या लॅपटॉपला जोडली. त्याच्या नावाचं फोल्डर समोर आलं. विंडोजने रीत म्हणून सांगितलं, या फोल्डरची तुम्हाला परवानगी नाही. कायमची हवी असेल तर 'पुढे चला' दाबा. त्याने दाबलं. फोटो, पत्रं, हिशेब, सगळं उघडं. पाच मिनिटंही लागली नसतील.

पासवर्ड कुणी विचारलाच नाही. विचारणार कोण? पासवर्ड विचारणारी विंडोज त्या पट्टीवर झोपलेली होती. जागी होती ती दुसऱ्या यंत्रावरची आणि तिच्या लेखी हा साहेबच मालक होता. लॉगिनचा पासवर्ड म्हणजे दारावरचा रखवालदार. भिंत फोडून आत येणाऱ्याला तो काय करणार? कुलूप लागतं ते एन्क्रिप्शनने. म्हणजे डिस्कवरचं अक्षर न् अक्षर असं कालवून ठेवायचं, की चावी नसेल तर त्या पट्टीवर कचऱ्याखेरीज काही दिसू नये. माझ्या लॅपटॉपमध्ये ही सोय होती. ती बंद होती. ती चालू आहे की बंद, हे मी कधी पाहिलंच नव्हतं.

त्या रात्री मी कागद घेऊन बसलो. माझं स्वतःचं म्हणावं असं फार निघालं नाही. चार अर्धवट लेख, कराचे कागद, काही फोटो. मग बाकीचं आठवायला लागलं. एका छोट्या शिष्यवृत्ती समितीचं काम मी हौसेने करायचो; त्या मुलांचे अर्ज. ओळखपत्रांच्या प्रती, पालकांच्या उत्पन्नाचे दाखले, बँक खात्यांचे तपशील. एका अर्जासोबत वडिलांच्या आजारपणाचे कागद होते, कारण फी का भरता आली नाही हे आम्हीच विचारलं होतं. एका मैत्रिणीने घटस्फोटाच्या अर्जाचा मसुदा भाषा तपासायला पाठवला होता. तो 'डाउनलोड्स'मध्ये पडून होता, तीन वर्षं. आणि ब्राउझरमध्ये साठवलेले पासवर्ड. फायरफॉक्समध्ये वेगळा प्राथमिक पासवर्ड ठेवलेला नसेल तर ते साठवलेलं अख्खं फोल्डर उचलून दुसरीकडे उघडता येतं, हेही त्या आठवड्यात कळलं. माझा नव्हता.

पुढचे दोन दिवस फोन करण्यात गेले. बहुतेक लोक समजूतदारपणे बोलले. त्या मैत्रिणीने शांतपणे एकच विचारलं, "पण कुणी वाचलं का ते?" मला सांगता येईना. आजही येत नाही.

म्हणूनच 'माझ्याकडे लपवण्यासारखं आहे काय?' हे वाक्य मला आता ऐकवत नाही. प्रश्न तुमच्या लपवण्याचा नाहीच. शिक्षकाच्या लॅपटॉपमध्ये मुलांचे गुण असतात, वकिलाच्या लॅपटॉपमध्ये पक्षकार, डॉक्टरच्या लॅपटॉपमध्ये रुग्ण, आणि ज्याचा असा काही व्यवसाय नाही त्याच्याही लॅपटॉपमध्ये भावाने छापून आणायला पाठवलेलं ओळखपत्र असतंच. आपण दुसऱ्यांच्या कागदांचं कपाट सांभाळतो आहोत, हे आपल्या लक्षात येत नाही इतकंच. आणि दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतल्यावर कुलूप लावणं हा आवडीनिवडीचा विषय राहत नाही.

व्यक्तीच्या लक्षात येत नाही हे समजू शकतो. संस्थांचीही तीच गत असते. ऑगस्ट 2006 मध्ये ब्रिटनमधल्या नेशनवाइड बिल्डिंग सोसायटी या ठेवी घेणाऱ्या आणि घरकर्ज देणाऱ्या संस्थेच्या एका कर्मचाऱ्याच्या घरून लॅपटॉप चोरीला गेला. या संस्थेचे ग्राहक होते 1 कोटी 10 लाख. लॅपटॉपमध्ये ग्राहकांची गोपनीय माहिती आहे, हे संस्थेला ठाऊक नव्हतं. चौकशी सुरू व्हायला तीन आठवडे लागले. वित्तीय नियामकाने फेब्रुवारी 2007 मध्ये 9 लाख 80 हजार पौंड दंड केला. लॅपटॉप जाणं ही चोराची करणी. आत काय होतं हे तीन आठवडे न कळणं ही चोराची करणी नव्हे, आणि दंड संस्थेच्या अशा ढिलाईचाच होता.

त्याच वर्षीचं त्याहून मोठं प्रकरण अमेरिकेतलं. 3 मे 2006 रोजी माजी सैनिक कल्याण खात्याच्या एका विश्लेषकाच्या घरी चोरी झाली. लॅपटॉप गेला, सोबत एक बाहेरची हार्ड डिस्क गेली. त्यांत सुमारे 2 कोटी 65 लाख माणसांची नावं, जन्मतारखा आणि सोशल सिक्युरिटी क्रमांक होते, विनाएन्क्रिप्शन. खात्याच्या मंत्र्यांपर्यंत बातमी पोहोचायला तेरा दिवस लागले, लोकांपर्यंत पोहोचायला एकोणीस. जूनअखेर दोन्ही वस्तू सापडल्या. तपासनीसांनी पाहिलं आणि माहिती कुणी उघडलेली दिसत नाही असा निर्वाळा दिला. चोर बहुधा घरफोडीवालाच होता, त्याला हातातल्या ऐवजाची कल्पनाही नसावी. तरी 2009 मध्ये खात्याला दावे मिटवायला 2 कोटी डॉलर देणं भाग पडलं.

या प्रकरणाकडे बोट दाखवून काही जण म्हणतात, बघा, चोराला यंत्र विकायचं असतं, तुमचे कागद वाचायला वेळ कुणाला आहे? बऱ्याचदा हे खरंही असेल. पण कागद चोरापाशी थांबत नाहीत. यंत्र विकलं जातं, पट्टी वेगळी विकली जाते, तिसऱ्याच्या हाती पडते. सिमसन गार्फिंकेल आणि अभी शेलाट या दोघा संगणक संशोधकांनी जुन्या बाजारातून 158 हार्ड डिस्क विकत घेतल्या होत्या. 2003 मध्ये त्यांनी त्याचा हिशेब प्रसिद्ध केला. चालू स्थितीत निघाल्या 129, आणि नीट पुसलेल्या निघाल्या फक्त 12. त्या डिस्क चोरीच्याही नव्हत्या, राजरोस विकलेल्या होत्या. बाकीच्यांचे आधीचे मालक आपण सगळं काढून टाकलं अशाच समजुतीत असणार.

आणि खरं नुकसान वाचलं जाण्याच्याही आधी होतं. 2 कोटी 65 लाख माणसांनी ते आठवडे कशात काढले? कुणी वाचलं असेल का, या संशयात. एन्क्रिप्शन नेमकं हा संशय काढून टाकतं. डिस्कला कुलूप असतं आणि लॅपटॉप बंद असतानाच गेला असता, तर मी मैत्रिणीला छातीठोकपणे सांगितलं असतं की नाही वाचलं, वाचता येणारच नाही. कायद्यालाही हा फरक कळतो. कॅलिफोर्नियात 1 जुलै 2003 पासून माहितीचोरी लोकांना कळवण्याचा कायदा लागू झाला, तो सुरुवातीपासून एन्क्रिप्ट न केलेल्या माहितीपुरता होता. युरोपच्या 2018 पासून लागू झालेल्या माहिती संरक्षण नियमांतही, माहिती परक्याला वाचता येणार नाही अशी ठेवली असेल, तर प्रत्येकाला व्यक्तिशः कळवण्याच्या बंधनातून सूट आहे.

मग अडतं कुठे? सवयीवर, असं सगळे सांगतात. जागरूक राहा, सेटिंग्जमध्ये जा, हे चालू करा, ते तपासा. मला हे सांगणं आता खोटं वाटतं. नासाचंच घ्या. तिथे तरी जागरूकतेची वाण नसावी. फेब्रुवारी 2012 मध्ये तिथल्या महानिरीक्षकांनी अमेरिकी काँग्रेसपुढे सांगितलं की नासाच्या फिरत्या, म्हणजे सोबत नेता येणाऱ्या, उपकरणांपैकी फक्त 1 टक्का एन्क्रिप्ट केलेली आहेत. सरकारी खात्यांचं एकंदर प्रमाण तेव्हा 54 टक्के होतं. एप्रिल 2009 ते एप्रिल 2011 या काळात नासाची 48 फिरती उपकरणं हरवली किंवा चोरीला गेली होती. मार्च 2011 मध्ये गेलेल्या एका लॅपटॉपमध्ये तर आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाच्या नियंत्रणाशी संबंधित अल्गोरिदम होते. ही सुनावणी झाली, छापून आली, आणि त्याच वर्षी 31 ऑक्टोबरला एका कर्मचाऱ्याच्या बंद गाडीतून आणखी एक लॅपटॉप गेला. त्याला पासवर्ड होता. एन्क्रिप्शन नव्हतं. त्यानंतर मात्र एन्क्रिप्ट न केलेला लॅपटॉप आवाराबाहेर न्यायचा नाही, असा हुकूम निघाला. अवकाशात माणसं पाठवणाऱ्यांना जे आठवणीने जमलं नाही, ते दिवसभराच्या कामाने दमलेल्या माणसाला नुसत्या उपदेशाने जमेल, ही अपेक्षाच चुकीची आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे की कुलूप कारखान्यातून लागलेलंच आलं पाहिजे. ज्याला काढायचंय त्याने शोधून काढावं. आज कित्येक लॅपटॉपवर याच्या उलट चालतं.

हे अशक्य असतं तर गोष्ट वेगळी. पण फोनमध्ये हे केव्हाच झालं. 2014 मध्ये आयओएस 8 ही आयफोनची प्रणाली आली तेव्हापासून आयफोनवरची माहिती पासकोडशी बांधली गेली, 2015 मध्ये अँड्रॉइड 6 ने सक्षम अशा नव्या फोनना एन्क्रिप्शन सक्तीचं केलं. कुणाला वर्ग घ्यावे लागले नाहीत. आपला फोन एन्क्रिप्टेड आहे हे कोट्यवधी लोकांना आजही माहीत नाही आणि माहीत असायची गरजही नाही. लॅपटॉप मात्र या बाबतीत फोनचा थोरला, लाडावलेला भाऊ. विंडोजमध्ये बिटलॉकर ही डिस्क एन्क्रिप्ट करण्याची सोय आली ती 2007 च्या व्हिस्टा या आवृत्तीपासून, पण फक्त महागड्या आवृत्त्यांत. विंडोज 11 च्या घरगुती आवृत्तीतही पूर्ण बिटलॉकर नाही. 'डिव्हाइस एन्क्रिप्शन' नावाचं त्याचं धाकटं रूप मिळतं. कार्यालयाच्या माणसाला कुलूप आणि घरच्या माणसाला कडी, हा भेद कशासाठी? कपाटात दोघांच्याही परक्यांचेच कागद आहेत.

एन्क्रिप्शनने यंत्र मंदावतं हे कारण पूर्वी सांगितलं जायचं. एईएस ही एन्क्रिप्शनची पद्धत अमेरिकेने 2001 मध्ये प्रमाण म्हणून स्वीकारली, आणि 2010 पासून इंटेलच्या प्रोसेसरमध्ये तिच्यासाठी खास सूचनाच कोरलेल्या यायला लागल्या. रोजच्या कामात फरक जाणवत नाही. ते कारण संपलं.

अलीकडे सुधारणा आहे, हे कबूल केलं पाहिजे. विंडोज 11 ची 2024 ची आवृत्ती नव्याने घातली आणि मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं, की बहुतेक यंत्रांवर एन्क्रिप्शन आपोआप चालू होतं. पण याच व्यवस्थेत एक मजेशीर फट आहे. खात्याने लॉगिन न करता नुसतं स्थानिक नाव देऊन लॅपटॉप वापरायला घेतला, तर डिस्क एन्क्रिप्ट झालेली असू शकते आणि चावी मात्र तिथेच, उघड्यावर ठेवलेली. कुलूप लावलंय, किल्ली कुलपालाच लटकते आहे. वरवर पाहणाऱ्याला वाटावं, झालं काम.

आता दुसरी बाजू, आणि ती हलकी नाही. कुलूप आपोआप लागलं की मालकच बाहेर राहण्याची भीती असते. बिटलॉकरची रिकव्हरी की, म्हणजे अडल्यावर डिस्क उघडणारी चावी, 48 आकड्यांची असते, सहा-सहांचे आठ गट. लॅपटॉपचा एखादा भाग बदलला, फर्मवेअरमध्ये, म्हणजे यंत्राच्या अंगच्या मूळ प्रोग्रॅममध्ये, काही फेरफार झाला, की एक दिवस निळ्या पडद्यावर ती मागितली जाते आणि माणूस विचारतो, ही कधी दिली होती मला? 19 जुलै 2024 ला क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे 85 लाख विंडोज यंत्रं बंद पाडली, तेव्हा कित्येक ठिकाणी दुरुस्ती अडली ती या चाव्यांवर. यंत्र समोर, दुरुस्ती ठाऊक, आणि चाव्यांची यादी ज्या सर्व्हरवर ठेवलेली तोच बंद.

घरगुती माणसाचं यात कायमचं नुकसान होऊ शकतं. चोराने न वाचलेले फोटो मालकालाही पुन्हा दिसणार नसतील, तर त्याला कुलपाचं कौतुक का असावं? म्हणून कुलूप कारखान्यातून येणार असेल तर चावी सुपूर्द करण्याचा एक खराखुरा प्रसंग घडवला पाहिजे. आज ती मुकाट्याने कंपनीच्या ढगात, म्हणजे तिच्या सर्व्हरवर, जाऊन बसते. मालकाला कळत नाही, आणि कंपनीकडे चावी आहे याचा अर्थ न्यायालयाचा आदेश आला तर कंपनी ती देऊ शकते, हेही कळत नाही. ज्याला कंपनीकडे ठेवायची त्याने ठेवावी, बहुतेकांसाठी तेच बरं. पण विचारावं तरी. पहिल्यांदा लॅपटॉप सुरू करताना कीबोर्ड कोणता हवा ते विचारतात, जाहिरातींसाठी ओळख देऊ का विचारतात. 'ही तुमची चावी, कागदावर लिहून घ्या, आम्ही पुन्हा पाहून खात्री करतो' असा एक पडदा त्यात बसू शकत नाही?

तपास यंत्रणांचा आक्षेपही ऐकला पाहिजे. अमेरिकेतल्या सॅन बर्नार्डिनो शहरातल्या हल्ल्यानंतर 2016 मध्ये एफबीआयने हल्लेखोराचा आयफोन उघडून देण्यासाठी ॲपलला न्यायालयात खेचलं. मार्चमध्ये तिसऱ्या कुणाच्या मदतीने फोन उघडला गेला आणि खटला मागे घेतला. गुन्हेगाराचं कपाटही बंदच राहणार, ही तक्रार खोटी नाही. पण तिच्यावर उपाय म्हणून प्रत्येक कुलपाला एक चोरवाट ठेवा म्हणणं म्हणजे चोरांनाच सोय करून देणं. ब्रिटनमध्ये 2007 पासून पोलिसांना कायदेशीर नोटीस देऊन माणसाकडेच चावी मागता येते आणि न दिल्यास तुरुंगवास होऊ शकतो. त्या कायद्याबद्दलही माझे आक्षेप आहेत, पण निदान तिथे विचारणा त्या माणसाला होते. सगळ्यांची दारं त्यासाठी पोकळ करावी लागत नाहीत.

कायदा लिहितानाही 'सोय असावी' आणि 'सोय वापरलेली असावी' यांतला फरक डोळ्यांत तेल घालून पाहिला पाहिजे. टेक्सासच्या एम. डी. अँडरसन कर्करोग केंद्रात एन्क्रिप्शनचं धोरण 2006 पासून लेखी होतं. 2012 मध्ये कर्मचाऱ्याच्या घरून एन्क्रिप्ट न केलेला लॅपटॉप चोरीला गेला, पाठोपाठ दोन यूएसबी ड्राइव्ह हरवले. मिळून 33 हजार 500 हून अधिक लोकांची आरोग्याची माहिती. 43 लाख डॉलरचा दंड झाला. जानेवारी 2021 मध्ये अपील न्यायालयाने तो रद्द केला. एक कारण असं, की नियमात एन्क्रिप्शनची 'यंत्रणा' असावी एवढंच म्हटलंय आणि यंत्रणा तर रुग्णालयाकडे होती. शब्दशः वाचलं तर न्यायालयाचं फारसं चुकलं असं मला म्हणता येत नाही. चूक आहे ती त्या शब्दाची. मी नियम लिहीत असतो तर यंत्रणेबद्दल अवाक्षर काढलं नसतं. लोकांची माहिती असलेलं प्रत्येक फिरतं उपकरण एन्क्रिप्ट केलेलं असेल, आणि ते हरवल्याच्या दिवशी तसं होतं हे संस्थेने दाखवायचं, बस्स.

अर्थात कुलपांनाही कुवत असते. 2008 मध्ये प्रिन्स्टनच्या संशोधकांनी दाखवलं की वीज बंद झाल्यावरही रॅममधली, म्हणजे चालू कामापुरत्या स्मृतीतली, माहिती काही सेकंद तग धरते आणि चिप गार केली तर आणखी जास्त वेळ. तेवढ्यात चावी उचलता येते. म्हणून झाकण मिटून झोपवलेला लॅपटॉप आणि पूर्ण बंद केलेला लॅपटॉप यांत फरक आहे. 2024 मध्ये एकाने रास्पबेरी पाय पिको ही बोटभर सर्किटची पाटी वापरून एका जुन्या लॅपटॉपच्या टीपीएम या चावी सांभाळणाऱ्या चिपमधून जाणारी बिटलॉकरची चावी 43 सेकंदांत टिपली. सुरू होताना वेगळा पिन मागायची व्यवस्था असती तर ते साधलं नसतं. ज्यांच्या मागावर खरोखर कुणी आहे, त्यांनी हे सगळं करावं. माझ्या पायाशी येऊन बॅग उचलणाऱ्याकडे असली पाटी नसते. त्याच्याकडून यंत्र घेणाऱ्याकडे मात्र स्क्रू काढायचं हत्यार आणि वायरवाली डबी नक्की असते.

नवा लॅपटॉप आल्यावर मी तो 48 आकड्यांचा क्रमांक कागदावर उतरवला, दोनदा ताडून पाहिला आणि घरच्या महत्त्वाच्या कागदांमध्ये ठेवला. तीन वर्षं पडून असलेले मसुदे बॅकअपमधूनही पुसले. मग समितीच्या बैठकीला गेलो. तिथे आम्ही नव्या वर्षाचा अर्ज काढला आणि एकेक रकाना वाचत बसलो. वडिलांच्या आजाराचे कागद कशाला हवेत, असं कुणीतरी विचारलं. कुणालाच सांगता येईना. रकाना खोडला.